मागणीबरहुकूम चित्रे



मागणीबरहुकूम तसबिरी काढून मी पोट भरतो. एकदा एक गृहस्थ मीच काढलेले त्यांचे कौटुंबिक चित्र घेऊन परत आले. "यातल्या वहिनींना तेवढे झाकून टाका, मजुरी देतो," म्हणाले. घरात वाटणीवरून बिनसले होते.

मला आपल्या नगरचीच एक पोथी आठवली. १५६५ च्या राक्षसतागडीच्या विजयानंतर हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी कवीचे 'तारीफ-इ-हुसेनशाही' येथे सचित्र सिद्ध झाले. चित्रांत राजाजवळ राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई, बसलेली होती. राजा त्याच साली वारला. राणीने मुलाच्या नावे कारभार पाहिला. १५६९ मध्ये त्याच मुलाने, मुर्तजाने, तिला कैद केले. पुढे बहुतेक चित्रांत तिच्यावर रंग फासला गेला. ती पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. रंगाखालची राणी आजही जाणवते.

गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "चित्र तुमचे, पैसे तुमचे, पण झाकलेले माणूस अधिकच डोळ्यांत भरते."

ते रागाने उठून गेले. मजुरी गेली, गिऱ्हाईकही गेले. पुढे दुसऱ्या कोणी ते काम केले असेल. माझ्या हातून झाले नाही, एवढेच समाधान.