बहात्तर तासांचा कोर्स आणि तंजावरचं पाणी

अठ्ठावीस वर्षं सैन्यात काढून मी निवृत्त झालो. गाव माण तालुक्यातलं. वाट्याला चार एकर जमीन आली आणि चार घरांत सामाईक असलेली एक विहीर. ती जमीन विकायची की कसायची, हा घरातला प्रश्न होता. मी म्हटलं, आधी शिकतो, मग ठरवू.

मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो असताना पर्माकल्चरचा ७२ तासांचा डिझाइन कोर्स केला. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन माणसांचं यावरचं पहिलं पुस्तक १९७८ सालचं. जमीन, पाणी, झाडं, जनावरं आणि माणसं एकमेकांना धरून राहतील अशी शेताची आखणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. रोज लागणारं घराजवळ लावा, क्वचित लागणारं लांब. समतल रेषेवर चर काढा, पाणी मुरवा. नकाशावर उतार वाचायची फौजी माणसाला सवयच असते, त्यामुळे मजा आली.

परदेशात शिकणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो, आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दक्षिणेच्या. तिथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला चार महिन्यांत उरकतो. तिथली आखणी जशीच्या तशी आणून आपल्या रानात चालत नाही.

या विद्येची तीन तत्त्वं आहेत: जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि वाजवी वाटा. पहिल्या दोन्हींवर आम्ही दिवसचे दिवस बोललो. तिसऱ्याला एक दुपार मिळाली. ते तिसरं तत्त्व मला इथे, तंजावरला, नीट कळलं.

मराठी माणूस तंजावरला येतो तो सरस्वती महाल ग्रंथालय बघायला, बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघायला. मीही तेच बघायला आलो होतो. मग कल्लणैला गेलो. कावेरीवरचा हा बंधारा करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जातो आणि सुमारे दोन हजार वर्षांचा मानतात. पुराचं जादा पाणी कोल्लिडम नदीत सोडायचं, बाकीचं कालव्यांनी भाताला द्यायचं, हे त्याचं काम. वाळूत पाया कसा धरायचा हे आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने याच बंधाऱ्यावरून शिकून घेतलं आणि पुढे १८४७ ते १८५२ या काळात आपल्या गोदावरीवर आंध्रात धवळेश्वरमचा बंधारा बांधला. म्हणजे परदेशातून शिकायला येणारा माणूसही इथे येऊन गेला आहे.

दगड मात्र स्वतःची डागडुजी करत नाहीत. तमिळनाडूत ‘कुडिमरामत्तु’ म्हणून जुनी पद्धत आहे. गावानेच मिळून तळ्यांचा आणि कालव्यांचा गाळ काढायचा, बांध दुरुस्त करायचे. मध्यंतरी ती मागे पडली होती, २०१७ मध्ये सरकारने त्याच नावाने योजना काढली. तळ्याखालच्या गावांत ‘नीरकट्टी’ असतो. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे तो बघतो.

बियाण्याचंही तसंच. शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात ‘नेल’ जयरामन यांनी भाताच्या १७४ देशी जाती जमवल्या. नेल म्हणजे भात. त्यांच्या बीजमेळाव्याचा नियम साधा: दोन किलो बियाणं न्या, पुढच्या वर्षी चार किलो परत आणा. जयरामन २०१८ मध्ये गेले. त्यांचे गुरू नम्माळ्वार याच तंजावर जिल्ह्यातले, कृषी संशोधन केंद्रातली नोकरी सोडून सेंद्रिय शेतीसाठी गावोगाव फिरलेले.

हे बघताना मला आपली फड पद्धत आठवली. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे आहेत. त्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार! पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवतात. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असते. त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तरी झळ एकट्याला लागत नाही, ती सगळ्यांत वाटली जाते. वाजवी वाटा नुसता भाषणात नाही, जमिनीच्या आखणीतच घातलेला आहे.

आता आमच्या विहिरीचं सांगतो. चार घरं, चार मोटारी, आणि उन्हाळ्यात पाण्यापायी भांडणं. दोन घरांत बोलणं बंद. मी कितीही चर खणले तरी मुरलेलं पाणी त्याच विहिरीत येणार आणि ज्याची मोटार मोठी त्याच्याकडे जाणार. म्हणून झाडांचा नकाशा काढण्याआधी मी पाण्याच्या पाळीचा कागद केला. कुणाची पाळी कधी, किती तास, गाळ काढायचा खर्च कसा वाटायचा, आणि पाणी खाली गेलं की प्रत्येकाने किती गुंठेच भिजवायचे. तीन घरांच्या सह्या झाल्या आहेत. चौथं घर अजून तयार नाही. त्यांच्याकडे मी दर वेळी चहाला जातो. सही होईपर्यंत जाणार आहे. तोवर जमीन विकायची नाही, एवढं घरात ठरलं आहे.

तुमच्यापैकी कुणी निवृत्तीच्या पैशातून परदेशी कोर्सला जाणार असेल, तर जरूर जा. पण निघण्याआधी गावात एक चक्कर मारा. तुमच्या विहिरीत, ओढ्यात, बांधावर कुणाकुणाचा वाटा आहे, ते वहीत लिहून काढा. ती वही सोबत न्या. तिथे प्रश्न विचारायला तिचाच उपयोग होईल.

जय हिंद.