आकडा शून्यावर आणू नका



 

‘तरुणांची धूम्रपानमुक्ती आणि स्मार्टफोन अ‍ॅप : एक आढावा’ असा विषय व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांच्या या परिषदेत मला दिला आहे. आढाव्याची सुरुवात स्मार्टफोनच्याही आधी होते. २००५ मध्ये न्यूझीलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडू पाहणाऱ्या तरुणांना मोबाइलवर संदेश पाठवले, तर सहा आठवड्यांनी सोडणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून अधिक दिसलं. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ५८०० लोकांवर मोठी चाचणी झाली. सहा महिन्यांनी लाळ तपासून खात्री केली, तेव्हा सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या संदेशांच्या गटात सिगारेट सुटलेले १०.७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. आपल्याकडे २०१६ च्या जानेवारीत मिस्ड कॉल देऊन संदेश मिळवायची सरकारी योजना आली, त्याच वर्षी फोनवर समुपदेशन करणारी क्विटलाइन आली. २०२० मध्ये अमेरिकेत दोन अ‍ॅपची समोरासमोर तुलना झाली. तलफेशी झगडण्यापेक्षा तिला येऊन जाऊ द्यायला शिकवणारं अ‍ॅप वर्षअखेरीस पुढे होतं : २८ टक्के विरुद्ध २१ टक्के. पण त्या अभ्यासातल्या लोकांचं सरासरी वय ३८ होतं. १८ ते २४ वयोगटावरचा अमेरिकेतला मोठा पुरावा आहे तो व्हेपिंग सोडण्याचा, आणि तोही अ‍ॅपचा नाही, साध्या संदेशांचा.

आढावा इथेच थांबवते. बाकीचं आजच्या निबंधांमध्ये येईलच. मला बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल, आणि ते बोलायची संधी मी फार वर्षं शोधत होते.

ही अ‍ॅप उघडली की वरच एक मोठा आकडा दिसतो. सिगारेट सोडून किती दिवस झाले. खाली किती पैसे वाचले, किती सिगारेटी टळल्या. पुष्कळशा अ‍ॅपमध्ये एक सिगारेट ओढल्याची नोंद केली की तो आकडा शून्य होतो. माझी तक्रार त्या शून्याबद्दल आहे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. सातारा जिल्ह्यातला, पुण्यात खोली करून राहणारा. त्याचे ४१ दिवस झाले होते. निकाल लागला, एका विषयात केटी लागली. संध्याकाळी मित्रांबरोबर टपरीवर कटिंग घेताना शेजारच्याने अर्धी सिगारेट पुढे केली, याने ती ओढली. रात्री अ‍ॅपने रोजचा प्रश्न विचारला, आज सिगारेट ओढली का? मुलाने खरं उत्तर दिलं. ४१ चा ० झाला. वाचलेले पैसे शून्य. फुप्फुसाचं चित्र गुलाबी होत आलं होतं, ते पुन्हा काळपट. खाली इंग्रजीत एक ओळ : निराश होऊ नका, नव्याने सुरुवात करा. त्याने अ‍ॅप काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट घेतलं. खोकला बरा होईना म्हणून काही महिन्यांनी तो माझ्या ओपीडीत आला, तेव्हा म्हणाला, “मॅडम, एक ओढली काय आणि दहा ओढल्या काय, हिशेब तोच ना?”

हा हिशेब त्याला कोणी शिकवला? त्याच्या शरीराने नक्कीच नाही. निकोटीन तर काही दिवसांत शरीराबाहेर पडतं. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकांचा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे या मुलाने सगळ्यात अवघड टप्पा पार केला होता. अर्ध्या सिगारेटने ते पुसलं जात नाही. परीक्षेत एक विषय राहिला म्हणून विद्यापीठ मागची दोन वर्षं रद्द करत नाही, केटी देऊन मुलगा पुढे जातो. ४१ दिवस त्याने निभावले होते. ते त्याचेच होते.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. खरं सांगणाऱ्याचा आकडा शून्यावर येतो, ‘नाही’ दाबून झोपणाऱ्याचा वाढत राहतो. विशीतला मुलगा आईवडिलांपासून सिगारेट लपवतो, घरमालकापासून लपवतो. आता त्याने फोनपासूनही लपवायची? ज्या एका ठिकाणी त्याने खरं बोलावं, तिथेच आपण त्याला शिक्षा ठेवली आहे. आणि त्याच आकड्यांवर यशाचे अहवाल लिहिले जातात.

माझे काही सहकारी म्हणतात, शून्य केला नाही तर धाक राहत नाही, मुलं रोज ‘फक्त एक’ ओढत बसतील. गेल्या वर्षीच्या चर्चासत्रात यावर बराच वाद झाला. माझ्यापुरता तो वाद एका मुलीने फार पूर्वी मिटवला आहे. ती हिंजवडीत रात्रपाळी करायची. घरी कोणाला ठाऊक नव्हतं. तिने कपाटाच्या दाराला आतून एक दिनदर्शिका लावली होती. बिनसिगारेटच्या दिवसाला बारीक टिक, ओढली त्या तारखेला लाल गोल. दर भेटीला ती पानं फाडून घडी करून आणायची. पहिल्या पानावर गोलच गोल. पुढे आठवड्यात दोन, मग महिन्यात एखादा. माझ्या टेबलावर पानं ओळीने मांडून म्हणाली, “बघा ना, विरळ होत चाललेत.” प्रत्येक गोलाशेजारी पेन्सिलने कारण लिहिलेलं होतं : शिफ्ट बदलली, भांडण, पार्टी, पाळी. त्या कारणांवरून आम्हाला पुढची तयारी करता आली. धाकाने हे झालं नसतं. गोल दिसत होते आणि टिकाही दिसत होत्या, म्हणून झालं. तिला सिगारेट सोडून आता कैक वर्षं झाली आहेत.

दुसरा आक्षेपही ऐकला आहे. महाराष्ट्राचा प्रश्न तंबाखू-मिश्रीचा, तुम्ही सिगारेटवर कशाला वेळ घालवता? २०१६-१७ च्या पाहणीत आपल्याकडे धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के होते, हे मलाही पाठ आहे. पण टक्का कमी म्हणून त्या मुलांना परक्या देशात बेतलेल्या अ‍ॅपच्या हवाली करायचं, हे मला मान्य नाही.

परक्या देशात बेतलेल्या, असं मी म्हणते त्याला कारण आहे. अ‍ॅप विचारतं, दिवसाला किती पाकिटं? आपली मुलं पाकीट घेत नाहीत, सुट्टी सिगारेट घेतात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्टी विक्री बंद केली, तरी टपरीवर सुट्टी मागा, मिळते, आणि लायटर सुतळीला टांगलेला असतो. अ‍ॅप विचारतं, उठल्यावर किती वेळाने पहिली सिगारेट? अवलंबित्व मोजायला हा प्रश्न उत्तम आहे. पण आईवडिलांकडे राहणारा मुलगा घराबाहेर पडेपर्यंत ओढूच शकत नाही. त्याची पहिली सिगारेट दहा वाजता, कॉलेजच्या फाटकाबाहेर. अ‍ॅप त्याला ‘सौम्य’ ठरवतं आणि निकोटीन गमबद्दल चकार शब्द काढत नाही. तो मुलगा सकाळी सात ते दहा काय सोसतो, हे आम्ही समोर बसून ऐकलेलं आहे.

जिथे सिगारेट एकेक मिळते, मित्राच्या हातातली अर्धी मिळते, तिथे स्लिप, म्हणजे सोडल्यावर मध्येच एखादी ओढली जाणं, वारंवार होणार. त्यामुळे आपलं अ‍ॅप स्लिप गृहीत धरूनच बांधलं पाहिजे. हे काही मी नवीन सांगत नाही. ब्रिटनच्या ज्या चाचणीचा मी उल्लेख केला, तिच्यात हातून सिगारेट ओढली गेली तर एक ठरलेला शब्द पाठवायचा आणि लगेच धीर देणारे संदेश मिळायचे, अशी सोय होती. तेव्हा साध्या फोनवर हे जमलं. आज इतक्या महागड्या फोनवर आपण फुप्फुसाचं चित्र काळं करून दाखवतो.

अ‍ॅपला माझा विरोध आहे, असं कोणी समजू नये. हिंजवडीची ती मुलगी आली, पण तिच्यासारख्या कितीतरी मुली ओपीडीची पायरी कधीच चढणार नाहीत, त्यांच्यापर्यंत फोनच पोहोचू शकतो. म्हणूनच तो फोन नीट वागला पाहिजे.

मी मांडते आहे त्या ठरावात मागण्या थोड्या आहेत. एकूण बिनसिगारेटचे दिवस कधीही पुसले जाऊ नयेत. ‘स्लिप झाली’ असं सांगायला पहिल्याच पडद्यावर एक बटण असावं, मराठीत. ते दाबल्यावर काही मिनिटांत संदेश यावा आणि दुसऱ्या दिवशी माणसाचा फोन यावा. १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा क्रमांक पाकिटावर छापलेला असतो, पण सुट्टी घेणाऱ्याच्या हातात पाकीटच येत नाही. तो क्रमांक त्या बटणाला जोडता येईल. रात्री फोनवर कोण बसणार, खर्च कुठून येणार, यासाठी एक समिती नेमावी असं मी सुचवते. मी तिच्यात काम करायला तयार आहे. तपशील आपण बसून ठरवू.

ठरावाचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, पटला तर सही करा. दुपारच्या सत्रात अ‍ॅपनिर्माते आपापली कामं दाखवणार आहेत. त्यांनी डाउनलोडचे आकडे जरूर सांगावेत, आणि त्याबरोबर हेही सांगावं की स्लिप झालेल्या मुलांपैकी किती जणांनी आठवड्याभरात अ‍ॅप पुन्हा उघडलं.