चाकांच्या मात्रा

कवितेखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायला मला सहसा कोणी बोलावत नाही. आज मात्र मी मोटारीचे टायर आणि ब्रेक यांविषयी बोलणार आहे. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्रांशी माझी ओळख सायकलच्या पंपापुरती. पण दोन पावसाळ्यांपूर्वी आंबा घाटात जे घडले, त्यानंतर हा विषय समजून घेतल्याशिवाय मला राहवेना.

आमच्या आपाचा मुलगा कोल्हापुरात असतो. त्याला अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचे भारी वेड. ही शर्यत वळणावळणांची नव्हे. सरळ पट्टा, बहुधा पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटतात आणि काही सेकंदांत सारे संपते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर हा खेळ वाढला. १९५१ साली त्याची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत.

या गाड्यांचे मागचे टायर उंच, रुंद आणि मऊ रबराचे असतात. खऱ्या शर्यतीच्या टायरवर नक्षीच नसते, त्याला ‘स्लिक’ म्हणतात. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवतात. गाडी सुटताना टायरच्या कडांना चक्क सुरकुत्या पडतात, आणि वेग वाढला की तोच टायर ताणला जाऊन उंच होतो. पुढची चाके मात्र अरुंद आणि हलकी. आमच्या चिरंजीवांनी याच धर्तीवर आपल्या लहान गाडीला मागे उंच टायर आणि पुढे बारके टायर चढवले. अमेरिकेत मागे मोठे टायर लावतात ते इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येतो म्हणून. याच्या गाडीचे इंजिन ओढते पुढची चाके! म्हणजे पकड हवी तिथे बारके टायर आणि नको तिथे थोरले. पण दिसते झकास, असे त्याचे म्हणणे.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या काचेआड एक पिवळा दिवा लागला. टायर बसवून देणाऱ्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. मी विचारले तेव्हा भाचा म्हणाला, “मामू, तुम्ही त्या दिव्याकडे बघूच नका. ब्रेक तर लागतोय ना?”

तो दिवा एबीएसचा होता. ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी ही योजना. आधी ती विमानांना होती. १९७८ मध्ये जर्मनीत ती इलेक्ट्रॉनिक रूपात मर्सिडीज मोटारीत आली, आणि २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिचा उपयोग लोकांना वाटतो तसा नुसता गाडी लवकर थांबवण्यासाठी नाही. जखडलेले चाक घसरत जाते, आणि घसरणारे चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. चाक फिरते राहिले तरच गाडी वळते.

आंबा घाटात आम्ही रत्नागिरीहून परतत होतो. बारीक पाऊस होता. वळणावर एक ट्रक उभा होता. भाच्याने करकचून ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवले. गाडी सरळच गेली. मी शेजारी बसलो होतो. स्टिअरिंग वळलेले मला दिसत होते आणि ट्रकचे फाळके जवळ येत होते. त्याने भीतीने ब्रेकवरून पाय उचलला, तेव्हा कुठे गाडी वळली आणि ट्रकच्या कडेने निसटली. आम्ही दोघेही साखरप्यापासून बडबडत होतो, ते मलकापूरपर्यंत एक शब्द बोललो नाही.

उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीने मला सारे उलगडून सांगितले. “कवीसाहेब, एबीएसला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त मोजता येतं,” तो म्हणाला. प्रत्येक चाकापाशी एक चकती आणि एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरते हे तो सांगतो, आणि गाडीतला छोटा संगणक चारही चाकांचे आकडे ताडून पाहतो. एखादे चाक एकाएकी मंदावले, तर ते जखडते आहे असे समजून तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर ढिला करतो आणि पुन्हा आवळतो. सेकंदाला कित्येकदा.

आता भाच्याचा हिशेब बघा. पुढचे चाक २२ इंच व्यासाचे, मागचे २५. एका किलोमीटरात पुढचे फिरते सुमारे ५७० वेळा आणि मागचे ५०१ वेळा. पुढची चाके ताशी ६० सांगतात तेव्हा मागची म्हणतात ५३. संगणकाला वाटते, मागची चाके आधीच घसरत आहेत. मग एक तर तो ब्रेक दाबताच मागचा जोर वेळेआधी सोडून देतो, नाही तर सेन्सरच बिघडला असे समजून दिवा लावतो आणि बाजूला होतो. आमच्या गाडीत तो बाजूला झाला होता. साधा ब्रेक चालू होता, पण चाक जखडू लागले तर सोडवणारे कोणी नव्हते. त्यात ब्रेकचा मोठा भार येतो पुढच्या चाकांवर, आणि तिथेच बारके टायर!

मला हे चटकन समजले, कारण गझल लिहिताना मीही हेच करतो. दोन ओळींच्या मात्रा जुळल्या नाहीत की कान अडखळतो. पण ओळ खरेच चुकली आहे की माझी मोजपट्टीच बदलली आहे, हे कानाला एकट्याने कळत नाही.

अमेरिकेतही ज्या गाड्या रस्त्यावर चालवतात आणि शर्यतीतही उतरवतात, त्यांचे हेच दुखणे आहे. सुटण्यापूर्वी रबर तापवायला पुढची चाके ब्रेकने धरून मागची जागच्या जागी गरगर फिरवतात. त्या वेळीही संगणक गोंधळतो आणि दिवा लागतो. म्हणून जाणते लोक शर्यतीचे टायर मैदानावर चढवतात आणि घरी परतताना नेहमीचे लावतात. स्लिकला पाणी बाहेर काढणारी नक्षी नसते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर एबीएस शाबूत असले तरी पकड कुठून आणणार? सगळ्यात वेगवान गाड्या तर ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातात. त्यांना एबीएस नसतेच. त्या मागे पॅराशूट उघडून थांबतात. आंबा घाटात तशी सोय नाही.

भाच्याने मूळ मापाचे चार टायर पुन्हा बसवले. दिवा विझला. चिकटपट्टी काढली, तिचा डिंक अजून काचेवर आहे. ते चार टायर आपाच्या गच्चीवर पडून आहेत. मधूनमधून एखादा पोरगा ते विकत घ्यायला येतो. भाचा आधी त्याला विचारतो, “गाडी कुठली? आणि जाणार कुठं?” अजून एकही टायर विकला गेलेला नाही.