मुले परदेशी का जातात?



मी पनवेलजवळच्या करंजाड्यात राहतो. कधीकाळी इथे भाताची खाचरे होती. जमिनी सिडकोने घेतल्या, वसाहत उभी राहिली. विमानतळासाठी उठलेल्या गावांतली कितीतरी घरेही वडघर-करंजाड्याच्या बाजूला येऊन वसली. डिसेंबर २०२५ पासून त्या विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. परदेश आता आमच्या ओटीपर्यंत आला आहे म्हणा ना!

मध्यंतरी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. जमिनीच्या बदल्यात मिळालेला एक प्लॉट त्यांच्याजवळ उरला होता, आणि मुलाला इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे पत्र आले होते. म्हणाले, “मास्तर, प्लॉट विकू का?” मी मुलाला विचारले, “बाळ, तिथे जे शिकणार ते इथे मिळत नाही का?” पोरगा गप्प बसला.

हाच प्रश्न आपण जुन्या माणसांना विचारून पाहू. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. आपल्या बायकांना बाईडॉक्टर हवी होती, आणि बाईला ती विद्या शिकण्याची वाट इथे धड खुली नव्हती. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. पण काम सुरू करण्याआधीच, १८८७ साली, वारल्या. डॉ. आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. कशासाठी जायचे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

आजची कारणे निराळी आहेत, पण खोटी नाहीत. पहिले कारण जागांचे. डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेला २०२४ साली तेवीस लाखांवर मुले बसली. जागा मात्र लाखाच्या थोड्या वर. उरलेल्यांपैकी काहीजण रशिया, जॉर्जियाकडे वळतात. परत आल्यावर त्यांतल्या बहुतेकांना इथली परीक्षा द्यावी लागते, हे जाताना कोणी नीट सांगत नाही. दुसरे कारण विषयांचे. आपल्याकडे बारावीला घेतलेली वाट सहसा सोडता येत नाही. तिकडे अनेक ठिकाणी ती मोकळीक अधिक आहे. संशोधकाला प्रयोगशाळा ओढते. आणि चौथे कारण, जे बहुतेक घरांत हळू आवाजात बोलतात, ते नोकरीचे. शिक्षण हे दार, आणि त्या दारातून तिकडच्या पगारात शिरायचे. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ते दार कुठला देश कधी लोटून घेईल, याचा भरवसा नसतो; आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही.

तो मुलगा आठवड्याने एकटाच आला. म्हणाला, “सर, खरं सांगू? शेत गेल्यापासून बाबा नुसते बसून असतात. इथं राहिलो तर माझंही तसंच होईल, अशी भीती वाटते.”

श्रोतेहो, त्या उत्तरात विद्यापीठाचे नावही नव्हते! पण भीती खरी होती. मी म्हणालो, “मग ही भीती बाबांना सांग. त्यांना वाटतं, तुला फक्त शिकायचंय.” त्या रात्री बापलेक बोलले. प्लॉट अजून तसाच आहे. मुलगा सध्या इथे नोकरी करतो आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. उद्या तो जाईलही, आणि गेला तर मी त्याला पोचवायला जाईन.

शिक्षक बंधुभगिनींनो, दहावी-बारावीच्या मुलांना तीन गोष्टी विचारा: काय शिकायचे, ते इथे का नाही, आणि पैसा कोणाचा? माहितीही द्या. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर प्रवर्गांसाठी निराळ्या योजना आहेत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क जवळजवळ नसते. मात्र वर्षाच्या राहण्या-जेवण्याची रक्कम आधी दाखवावी लागते.

आणि आईबापांनो, प्लॉटला गिऱ्हाईक शोधण्याआधी एक संध्याकाळ मुलाजवळ बसा. तो गप्प राहिला, तर उठू नका.