आधी ऐका, मग बोला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बँकेत आयुष्य गेलेला माणूस व्याजदरावर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. पण कमिटीनं सांगितलं, "काका, गच्चीवरच्या त्या काठीबद्दल बोला." ती काठी म्हणजे माझ्या हॅम रेडिओची अँटेना. २००० साली पहिल्याच सर्वसाधारण सभेत तिच्यावर पाऊण तास चर्चा झाली होती! शेवटी परवानगी मिळाली. त्याबद्दल पंचवीस वर्षांनी जाहीर आभार.

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. परीक्षा द्यायची, केंद्र सरकारचा परवाना घ्यायचा आणि ठरवून दिलेल्या फ्रीक्वेन्सींवर जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायचं. या बोलण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, धंदा करायचा नाही. पण परवाना असूनही कधीकधी गप्प बसावं लागतं. आज त्याबद्दलच सांगतो.

२०१२ साली मी निवृत्त झालो आणि मुलाकडे लंडनला गेलो. तेव्हा तिथे ऑलिम्पिक होतं. आपला परवाना तिथे चालत नाही, म्हणून मी एका स्थानिक हॅमच्या घरी नुसता ऐकायला बसायचो. खेळांच्या काळात हौशी मंडळींच्या काही वरच्या फ्रीक्वेन्सींवर तात्पुरते निर्बंध होते. मला वाटलं, हे गृहस्थ चिडले असतील. ते शांतपणे म्हणाले, "पाहुणे आलेत, जागा करून द्यायलाच हवी."

विचार करा. दोनशेहून अधिक देशांचे खेळाडू. त्यांच्यामागे धावणारे बिनतारी कॅमेरे, समालोचकांचे माइक, पोलीस, रुग्णवाहिका, स्वयंसेवकांचे वॉकीटॉकी. या सगळ्यांना फ्रीक्वेन्सी लागतात. रस्ता अपुरा पडला तर उड्डाणपूल बांधता येतो. फ्रीक्वेन्सी कारखान्यात तयार होत नाहीत. आहेत त्याच वाटून घ्याव्या लागतात.

आपल्याच भाषेत सांगतो. आमच्या काही फ्रीक्वेन्सी म्हणजे व्हिजिटर पार्किंग आहेत. मूळ हक्क दुसऱ्याचा. त्याला अडचण होणार नाही, अशा बेतानं आम्ही वापरायच्या. गणपतीत आपण मांडवासाठी त्या जागेतल्या गाड्या काढायला लावतो ना? तसंच हे. मात्र नोटीस चोख हवी: कोणती जागा, कुठून कुठपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत. बाकीचं चालू. लंडनमध्येही बाकीच्या फ्रीक्वेन्सी चालू होत्या. उलट ऑलिम्पिकच्या निमित्तानं 'टू-ओ-वन-टू-एल' या खास नावाचं हौशी केंद्र सुरू होतं आणि ते साऱ्या जगाशी बोलत होतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र आपल्याकडच्या हौशी मंडळींना यंत्रंच सरकारजमा करावी लागली होती. बंदी आणि बंदीत असा फरक असतो.

आता एक कबुली देतो. आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मोबाइल लागत नव्हते, वीज गेलेली, आणि माझी मुलगी कुर्ल्याच्या बाजूला अडकलेली. मी स्कूटरची बॅटरी वर आणून सेटला जोडली आणि तिकडच्या एका हॅम मित्राला हाका मारत सुटलो. एकदा, दोनदा, तीनदा. बटण दाबलेलं असताना आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. आणि एकाच फ्रीक्वेन्सीवर दोघं बोलले, तर ज्याचा आवाज जोरकस पोचतो तोच ऐकू जातो. दुसरा पुसला जातो. माझी अँटेना पाचव्या मजल्याच्या गच्चीवर, तुम्हीच परवानगी दिलेली. मी बटण सोडलं तेव्हा एक करडा आवाज आला, "कोण बोलतंय? थांबा. आधी ऐका."

तिथे एका बाळंतिणीला हलवण्यासाठी मदत मागणं चालू होतं. माझ्या हाकांखाली तो निरोप दोनदा बुडाला होता. तिसऱ्यांदा पोचला.

माझी मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी आली. त्या बाईंचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही.

म्हणून लंडनच्या त्या गृहस्थांचं बोलणं मला लगेच पटलं. गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या निरोपाला वाट करून देणं, हीसुद्धा सेवाच आहे. आपल्या सभांमध्येही सगळे एकदम बोलतात, तेव्हा मला तो करडा आवाज आठवतो. बहुतेक वेळा बोलणाऱ्यांत मीही असतो!

हॅम मंडळी निरोप घेताना '७३' म्हणतात. त्याचा अर्थ शुभेच्छा. योगायोगानं यंदा माझं वयही तेवढंच आहे. तेव्हा सर्वांना मनापासून ७३! ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावं. चहा मिळेल.