धाकट्या भावाचे बूट

युद्धपट म्हटला की तोफा, रणगाडे आणि शेवटी फडकणारा झेंडा आठवतो. कांग जे-ग्यू यांच्या २००४ सालच्या कोरियन चित्रपटाचं तर नावच 'तेगुकगी', म्हणजे दक्षिण कोरियाचा राष्ट्रध्वज. पण त्याचा जीव झेंड्यात नाही, दोन भावांत आहे.

थोरला जिन-ते सेऊलच्या रस्त्यावर बूटपॉलिश करतो. धाकटा जिन-सॉक शिकतोय. घराची सगळी आशा त्याच्यावर. जून १९५० मध्ये युद्ध पेटतं आणि दोघांनाही आगगाडीत कोंबून आघाडीवर नेलं जातं. मोठं पदक मिळवलं तर धाकट्याला घरी पाठवतील, म्हणून थोरला जिवावर उदार होतो. पण हळूहळू त्याला मारण्याचीच चटक लागते. शत्रूच्या कैद्यांत त्यांच्याबरोबर पॉलिश करणारा ओळखीचा पोरगा सापडतो, तर त्याच्यावरही तो बंदूक रोखतो.

त्याच्या वाग्दत्त वधूने उपाशी पोरांसाठी, धान्य मिळेल म्हणून एका यादीत नाव घातलेलं असतं. तेवढ्यावरून आपल्याच बाजूचे लोक तिला गोळी घालतात. हे कल्पनेतलं नव्हे हो. १९५० च्या उन्हाळ्यात 'बोदो लीग'च्या यादीतल्या हजारो नागरिकांना दक्षिणेच्याच पोलिसांनी आणि सैन्याने मारलं. त्याबद्दल कित्येक दशकं उघड बोलायची सोय नव्हती.

पुढे, धाकटा जळून मेला अशा समजुतीने थोरला उत्तरेच्या सैन्यात जातो आणि तितक्याच त्वेषाने दक्षिणेवर तुटून पडतो. बाजू बदलली, द्वेष तोच राहिला! चित्रपटाला रडवण्याचा सोस आहे, संगीतही जरा जास्तच. पण इथे मात्र मी गप्प झालो.

२७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली. शांतता करार आजवर नाही. १९८३ साली तिथल्या दूरदर्शनने ताटातूट झालेल्या नातलगांना शोधण्याचा कार्यक्रम लावला, तो १३८ दिवस चालला. तीस वर्षांनी माणसं पडद्यावर भाऊ-बहिणी ओळखत होती.

चित्रपटातला जिन-सॉक तेवढा भाग्यवान नाही. २००३ मध्ये जुन्या रणभूमीवर उत्खननात हाडं सापडतात, त्यांच्यासोबत त्याचं नाव कोरलेलं पेन. म्हातारा झालेला धाकटा त्या सांगाड्यापुढे बसून म्हणतो, काहीतरी बोल ना रे. आणि मग दिसतात ते बूट, थोरल्याने त्याच्यासाठी करायला घेतलेले.