कीर्तीनंतरची शाळा

लहान वयात लाभलेली कीर्ती हे भाग्य समजावे की संकट, हा प्रश्न आपल्या घरांतूनही अधूनमधून उपस्थित होतो. गोड गळ्याची, चुणचुणीत मुलगी घरात असली, की तिला लवकरात लवकर रंगमंचावर उभी करण्याचा मोह आईबापांना आवरत नाही. अशा वेळी शर्ली टेंपल या अमेरिकन बालनटीचे चरित्र आठवावे. तिच्या बोलपटांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज बोलावयाचे आहे ते तिच्या शाळेविषयी.

शर्लीचा जन्म १९२८ सालचा. १९३४ मध्ये ती लोकांच्या नजरेत भरली, आणि १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे अमेरिकेतील चित्रपटगृहांकडे तिच्याइतके प्रेक्षक दुसऱ्या कोणीही खेचले नाहीत. तिच्या नावाच्या बाहुल्या घरोघरी गेल्या. तिचे बालपण जितके लांबेल तितका लाभ अधिक, म्हणून चित्रसंस्थेने तिचे वय एका वर्षाने कमी सांगितले. ही गोष्ट खुद्द तिलाही कित्येक वर्षे ठाऊक नव्हती! शिक्षणाची मात्र हेळसांड झाली नाही. तिला शिकविण्यासाठी स्टुडिओच्या आवारातच शिक्षिका नेमलेली होती.

परंतु शिक्षण मिळणे आणि शाळेत जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शाळेत आपल्याहून हुशार कोणी भेटते. आपली फजिती पाहून हसणारे भेटते, आणि मागाहून समजूत घालणारेही भेटते. जिच्या भोवतालच्या वडीलधाऱ्यांची मिळकतच तिच्या हास्यावर अवलंबून, तिला हे बरोबरीचे नाते कोठून लाभणार?

१९४० साली ‘द ब्ल्यू बर्ड’ हा तिचा बोलपट पडला. त्याच वर्षी आईबापांनी फॉक्स कंपनीशी झालेल्या कराराची उरलेली मुदत पैसे भरून सोडवून घेतली, आणि बारा वर्षांच्या शर्लीला लॉस एंजेलिस येथील वेस्टलेक या मुलींच्या शाळेत घातले. ही शाळा सुखवस्तू घरांतील मुलींची होती हे खरे. तरी तेथे शर्ली ही वर्गातील अनेक मुलींपैकी एक होती. पडद्याशी तिचा संबंध सुटला असेही नाही. १९४१ मध्ये ‘कॅथलीन’ आणि १९४४ मध्ये ‘सिन्स यू वेंट अवे’ हे बोलपट तिने केलेच. पण शाळा तिने अर्ध्यावर टाकली नाही. १९४५ साली तेथील शिक्षण तिने पुरे केले.

पैशाची कथा याहून करुण आहे. ३० लाखांहून अधिक डॉलर मिळविणाऱ्या या मुलीच्या नावे पुढे सुमारे ४४ हजारच शिल्लक निघाले, असे तिने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. तिच्या आधीचा प्रख्यात बालनट जॅकी कूगन याने १९३८ साली आपल्या मिळकतीसाठी प्रत्यक्ष आईवर व सावत्र बापावर फिर्याद केली. तिच्यामुळेच १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालनटांच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. कायद्याला पैसा राखता येतो. बालपण राखणे त्याच्या हाती नाही. ते काम आईबापांचेच. शर्लीच्या आईबापांनी पैशाच्या बाबतीत जे साधले नाही, ते शाळेच्या बाबतीत, उशिरा का होईना, साधले.

१९५० साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिने चित्रपटसंन्यास जाहीर केला. पुढे १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात ती अमेरिकेची प्रतिनिधी झाली; १९७४ मध्ये घानात आणि १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात राजदूत म्हणून गेली. २०१४ साली ती वारली. या साऱ्याचे श्रेय एका शाळेला देणे धाडसाचे होईल. तथापि लोकांच्या टाळ्यांवाचूनही आपल्याला जगता येते, हा धडा ज्या वयात गिरवावा लागतो, त्या वयात तो गिरविण्यास तिला जागा मिळाली, एवढे निश्चित.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरच्या गुणी मुलाला चार लोकांसमोर अवश्य गाऊ द्यावे. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शाळेत वेळेवर पोहोचवावे, आणि तेथे त्याच्या गाण्याची वार्ता आपण होऊन कोणास सांगू नये.